खाऱ्या हवेत पद्मिनी घ्यावी की वॅगन-आर?

किनाऱ्यालगत राहणाऱ्याने जुनी प्रीमियर पद्मिनी घ्यायचं काढलं की गप्पा इंजिन, अ‍ॅव्हरेज आणि स्पेअर पार्टवर जातात. ते सगळं नंतर. आधी पत्रा बघा.

पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. दाराखालची पट्टी, फ्लोअर किंवा मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात तो भाग कुजला की गाडीचा कणाच गेला. नुसत्या रंगाने भागत नाही. दापोली-गुहागरकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस नेमका तिथेच काम करतो. बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. ते चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते. मॅट उचला, खाली वाकून स्क्रू-ड्रायव्हरने टोचा. मालकाचा चेहरा पडला तर पडू दे. मी तर म्हणेन, पद्मिनी घाटावरची घ्या, साताऱ्या-कोल्हापूरकडची. तिचा रंग उडालेला असला तरी चालेल.

वॅगन-आरलाही गंज लागतो, पण हल्लीच्या गाड्यांची अख्खी बॉडी गंजरोधक थरात बुडवून काढतात, म्हणून ती निभावून नेते. तिचं दुखणं वेगळं: सेन्सर, कनेक्टर आणि पावसाळ्यात बॉनेटखाली उबेला येऊन वायरी कुरतडणारे उंदीर. मग बिघाड शोधायला स्कॅनरवाला गाठावा लागतो. पद्मिनीचा कार्बोरेटर वाडीतला जुना मिस्त्री मांगरात (शेतातल्या खोपटात) बसून साफ करून देईल. प्रश्न एवढाच, की असा मिस्त्री तुमच्या जवळपास अजून काम करतो का?

घाटात मात्र तुलना संपते. पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन जेमतेम 40 हॉर्सपॉवरचं. वॅगन-आरचं लहान, 998 सीसीचं इंजिनही सुमारे 66 हॉर्सपॉवर देतं. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. भरल्या गाडीने कुंभार्ली घाट उतरताना खालच्या गिअरमध्येच राहायचं, ब्रेकवर भिस्त ठेवायची नाही. मे महिन्याच्या चढावर बॉनेटखालच्या इंधनाच्या पंपातच पेट्रोल उकळून गाडी बंद पडू शकते. अशा वेळी त्या पंपावर ओलं फडकं टाकणं हा टॅक्सीवाल्यांचा जुना उपाय. त्यात आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल ओलावा ओढतं आणि जुनं रबर खातं, तेव्हा पाइप आणि पंपाचा पडदा नवीन घालून घ्याच. वॅगन-आरला पॉवर स्टिअरिंग, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि नव्या गाडीत सहा एअरबॅग. भर पावसात काचेवरचं धुकं एसीने घालवता येतं, हे तर इथे मला एअरबॅगइतकंच मोलाचं वाटतं.

हे सगळं खरं असलं तरी स्टिअरिंगजवळचा गिअर, पुढचं सलग सीट आणि तिकोनी काच उघडून वेळणेश्वरकडे मारलेली संध्याकाळची चक्कर वॅगन-आर देणार नाही.

म्हणून घरात एकच गाडी असणार असेल, आजारी माणसाला रात्री चिपळूणला न्यायची वेळ येणार असेल, तर वॅगन-आर घ्या. दुसरी गाडी म्हणून, बंद कोरडी शेड असेल तरच पद्मिनी. आणि इसार देण्याआधी आरसी, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, मागा. पद्मिनीचं उत्पादन 2000 च्या सुमारास थांबलं, म्हणजे प्रत्येक गाडी 15 वर्षांच्या पुढची. नोंदणीचं नूतनीकरण दर 5 वर्षांनी आणि वर हरित कर. 50 वर्षं ओलांडलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ नोंदणी करून मोकळं होऊ असा विचार असेल तर थांबा: 2021 च्या नियमानुसार तशी गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशाच कामांसाठी रस्त्यावर काढता येते, बाजारहाटाला नाही.