खाऱ्या पाण्याची टाकी घ्यावी, मासे मात्र त्याच दिवशी घेऊ नयेत

कोल्हापुरात गोड्या पाण्यातले मासे पाळणारी घरे पुष्कळ आहेत. खाऱ्या पाण्याची टाकी बसवून देणारे दुकानदार मात्र मोजकेच. त्यांपैकी एकाकडून आम्ही तीन फुटी टाकी, फिल्टर, स्किमर (फेसावाटे पाण्यातली घाण काढणारे यंत्र), वेव्हमेकर (टाकीत पाणी खेळते ठेवणारा पंप), मीठ, वाळू, दगड आणि मासे असे पूर्ण पॅकेज घेतले. साहित्य चोख आहे. मासे मात्र आठवडा उलटायच्या आत एकामागून एक मेले, आणि त्याची कारणे शोधताना या सेवेतल्या ज्या उणिवा समोर आल्या त्या नव्याने टाकी घेणाऱ्याला आधीच ठाऊक असाव्यात, असे मला मनापासून वाटते. तक्रार असल्याने दुकानाचे नाव देत नाही.

आधी चांगले ते सांगतो. काचेचे जोड सफाईदार आहेत, वेव्हमेकरचा आवाज येत नाही आणि टाकी बसवणाऱ्या मुलांनी स्टँडची पातळी दोनदा तपासली. प्रवाळाचा दगड मागितला असता तो वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार विकता येत नाही, असे स्पष्ट सांगून त्यांनी साधा कोरडा दगड दिला, हेही कौतुकास्पद आहे.

अडचण सुरू होते ती यानंतर. पाण्यात मीठ विरघळवून टाकी सुरू केली त्याच संध्याकाळी दोन क्लाउनफिश, काही डॅमसेल आणि एक निळा टँग सोडण्यात आला. (टँग वाढून जवळपास फूटभर होतो, तीन फुटी टाकीसाठी तो विकायलाच नको होता.) माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू दगडावर, वाळूत आणि फिल्टरमध्ये वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. कोरडा दगड वापरलेल्या टाकीत ते सुरुवातीला जवळजवळ नसतातच. त्यातून समुद्राच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, 8.1 ते 8.4 असतो आणि सामू एका अंकाने वाढला की अमोनियाचा विषारी भाग सुमारे दहापट होतो. म्हणून गोड्या पाण्यात कदाचित निभावले असते तेवढाच अमोनिया इथे जीव घेतो.

मासे पाण्याच्या वरच्या थराशी तोंड उघडून लटकल्यासारखे राहत होते, कल्ले भराभर हलत होते, अंगावर एकही ठिपका नव्हता. अमोनियाचे टेस्ट किट पॅकेजमध्ये नव्हते, ते वेगळे मागवावे लागले. पिवळे राहायला हवे असलेले नळीतले पाणी काही मिनिटांत गडद हिरवे झाले. दुकानाच्या माणसाने मात्र नळी न पाहताच “नवीन टाकीत दोन-चार जातातच, साहेब” असे म्हणून निळे औषध ओतले. ते तांब्याचे होते. तांबे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर चालते, अमोनियावर नाही. शिवाय ते शंखवर्गीय आणि खेकडावर्गीय प्राण्यांना मारक असते आणि दगडात मुरून बसते. टाकीतल्या गोगलगायी त्यातच गेल्या.

क्षारता मोजायला दिलेला काटेवाला प्लॅस्टिकचा हायड्रोमीटर हा पॅकेजमधला सर्वांत कच्चा भाग. त्याच्या काट्याला हवेचे बारीक बुडबुडे चिकटतात, काटा वर उचलला जातो आणि पाणी असते त्याहून खारट दिसते. आमचा काटा विशिष्ट गुरुत्व (पाणी जितके खारट तितका हा आकडा मोठा) 1.025 दाखवत असताना प्रमाणित द्रावणावर जुळवून घेतलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता मोजणाऱ्या उपकरणावर, ते 1.020 भरले. एवढ्याने मासे मेले असे मी म्हणणार नाही, पण खऱ्या समुद्राच्या पाण्यातून आलेल्या थकल्या माशाला हा आणखी एक धक्का होता.

आणि मासे थकलेलेच येतात. शोभेचे समुद्री मासे इथे बहुधा मुंबईहून, रात्रीच्या ट्रॅव्हल्समधून, बंद पिशवीत येतात. पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून सामू उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया तेवढा बाधत नाही. पिशवी उघडताच वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा उघड्या पिशवीत दीड तास थेंबथेंब पाणी सोडत बसणे, जे आमच्याकडे केले गेले, ते काळजीचे दिसले तरी माशाच्या जिवावर बेतणारे आहे. लांबून आलेल्या माशासाठी वेगळ्या भांड्यात पिशवीतल्या पाण्याइतकीच क्षारता आधीच तयार ठेवून त्याला लगेच त्यात हलवावे.

साहित्यासाठी मी या दुकानाला पाचपैकी चार गुण देईन, मासे आणि सल्ला यांसाठी एक. इथून टाकी जरूर घ्या, पण पावतीवर माशांची रक्कम लावू देऊ नका. टाकी बिनमाशांची चालू ठेवून तिच्यात थोडा अमोनिया घाला आणि तो चोवीस तासांत शून्यावर येतो, नायट्राइटही शून्य राहते, हे स्वतः तपासल्यावरच पहिले एक-दोन मासे आणा. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो, तेव्हा मीठ आरओच्या पाण्यातच कालवावे. देखभालीचा वार्षिक करार करण्यापूर्वी त्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, आपल्यासमोर मोजून मागा; तो शून्याच्या जवळ असायला हवा. वीज जाते तेव्हा चालणारा बॅटरीवरचा हवेचा पंपही त्याच वेळी घ्या, कारण हे दुकान तो आपणहून सुचवत नाही.