नव्या बोधचिन्हाचे काम: सोलापुरातील एका डिझाइन स्टुडिओविषयी

जुने संगणक दुरुस्त करून, त्यांवर मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणारे, सॉफ्टवेअर बसवून ते विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांतील अभ्यासिकांना विनामूल्य देणे हे आमच्या संस्थेचे काम आहे. संस्थेचे आधीचे बोधचिन्ह, म्हणजे पृथ्वीचा गोल आणि त्यावर ठेवलेला माऊस, एका कार्यकर्त्याने सुरुवातीच्या दिवसांत इंटरनेटवरून घेतले होते. ते मुळात कोणाचे होते हे आम्हांला कधीच कळले नाही. इतरांना मुक्त परवान्याचे महत्त्व समजावून सांगणाऱ्या संस्थेच्या पावतीवर असे चित्र असणे मला चिटणीस म्हणून फार खटकत होते. त्यामुळे गेल्या वर्षी होटगी रस्त्यावरील एका लहान स्टुडिओला आम्ही संस्थेची संपूर्ण दृश्य ओळख नव्याने करण्याचे काम दिले. हा स्टुडिओ दोन डिझायनर मैत्रिणी मिळून चालवतात. एकूण मोबदला ४२,००० रुपये ठरला. तेवढ्या पैशांत किती संगणक दुरुस्त झाले असते, हा प्रश्न कार्यकारिणीत उघडपणे विचारला गेला आणि तो योग्यच होता.

पहिल्या भेटीत त्या दोघींनी रंग किंवा आवडीनिवडी विचारल्या नाहीत. त्यांनी आमचा रबरी शिक्का मागवला आणि कोऱ्या कागदावर उमटवून पाहिला. माऊसच्या जागी शाईचा एक ठिपका तेवढा उमटला. मग पावतीपुस्तक, संगणकांवर चिकटवायचे लहान स्टिकर, मागच्या वर्षीचा उन्हाने विटलेला फ्लेक्स आणि संकेतस्थळाच्या टॅबवर दिसणारे सोळा गुणिले सोळा पिक्सेलचे चित्र, असे सगळे त्यांनी टेबलावर एका रांगेत मांडले. चिन्ह या प्रत्येक ठिकाणी आणि एकाच रंगात ओळखू आले पाहिजे, ही अट आमच्या आधी त्यांनीच घातली. माझा विश्वास तिथेच बसला.

चिन्हाची कल्पना सोलापुरी चादरीतून आली. हे ऐकून मी प्रथम धास्तावलो, कारण गावाचे नाव निघाले की चादर दाखवणे ही सोपी पळवाट असते. पण त्यांनी आम्हांला एका कारखान्यात नेऊन चादरीची नक्षी आधी आलेख कागदावर चौकोन भरून कशी काढतात आणि ती जॅकार्ड या नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या पुठ्ठ्यांवर छिद्रांच्या रूपाने कशी उतरते, हे दाखवले. छिद्र आहे की नाही, एवढ्यावरच कोणता धागा उचलला जाणार हे ठरते. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास आलेल्या या यंत्राच्या छिद्रित पुठ्ठ्यांची पद्धत इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली होती. म्हणजे माग आणि संगणक यांचे नाते खरोखरच इतिहासातले आहे. नऊ गुणिले नऊ चौकोनांत बसवलेले आमच्या चिन्हातले फूल काठावरच्या नक्षीसारखे दिसते आणि पडद्यावर पिक्सेलसारखेही दिसते. शिक्क्यावर ते स्वच्छ उमटते.

अक्षरांच्या बाबतीत मात्र त्यांनी चौकोनांचा हट्ट धरला नाही, आणि मला हा त्यांचा सर्वांत चांगला निर्णय वाटतो. देवनागरीची गोलाकार वळणे चौकटीत कोंबली की वाचणाऱ्याला त्रास होतो. अनेक फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदीच्या वळणाचे येतात. ‘सोलापूर’ लिहिताना पाकळीचा ‘ल’ आणि ‘शाळा’ लिहिताना देठाचा ‘श’ आला नाही, तर मराठी डोळ्याला शब्द परका वाटतो. ही वळणे ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयानेही प्रमाण मानली आहेत. आमच्या ब्रीदवाक्यात ‘साऱ्यांसाठी’ हा शब्द आहे. त्यातला अर्धा ‘र’ रफार होऊन ‘य’च्या डोक्यावर जाऊन बसला तर ते सरळसरळ चुकीचे ठरते, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत जो फरक आहे तोच इथे आहे. त्यांनी हा एकच शब्द सात फॉन्टमध्ये छापून भिंतीवर लावला, आम्हांला दहा फुटांवरून वाचायला लावले आणि मगच निवड केली. निवडलेला फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे, त्यामुळे कोणत्याही अभ्यासिकेतील मुलाला तो विनाशुल्क वापरता येतो.

आराखडे सर्वांसमोर ठेवण्याची कल्पना आमची होती. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २०१६ मध्ये आपले पर्याय लोकांसमोर ठेवून मते मागवली होती, जानेवारी २०१७ मध्ये नवे चिन्ह जाहीर केले होते आणि त्यासाठी घडवलेला ‘झिला’ फॉन्टही मुक्त ठेवला होता. आम्ही तीन पर्याय अभ्यासिकांत लावले. स्टुडिओने मतदान घेऊ नका, फक्त ‘हे काय दिसते?’ असे विचारा, असे सुचवले. त्या प्रश्नाने एक पर्याय लगेच बाद झाला, कारण बहुतेक मुलांना तो औषधाच्या दुकानाची पाटी वाटला.

उणीव तेलुगू नावात राहिली. सोलापुरात पद्मशाली या विणकर समाजाच्या वस्तीत तेलुगू आणि शहरभर कन्नड बोलली जाते, म्हणून देवनागरी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चारही लिप्यांतील नाव करारात होते. उर्दूचे नाव व्यवस्थित आले. तेलुगू नमुन्यात मात्र देवनागरीशी जुळावे म्हणून अक्षरांवर आडवी रेघ ओढली होती. तेलुगूला शिरोरेषा नसते. तिथे अक्षराच्या डोक्यावर ‘तलकट्टु’ ही छोटी खूण असते. आमच्या एका कार्यकर्तीच्या आजींनी तो कागद पाहून ‘हे आमचे अक्षर नाही’ असे म्हटले, तेव्हा मला फार वाईट वाटले. तेलुगू वाचणाऱ्या माणसाला आधीच दाखवायला हवे होते. स्टुडिओने चूक मान्य करून जादा पैसे न घेता काम पुन्हा केले, पण त्यात पाच आठवडे गेले आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतील आमच्या दालनावर जुनाच फलक लावावा लागला.

कागदपत्रांचे काम नेमके होते. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्कांचे हस्तांतर लेखी असावे लागते आणि त्यात मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांपुरतेच धरले जाते. हे कलम त्यांनी स्वतः दाखवून करारात पूर्ण मुदत घातली. फाइली एसव्हीजी स्वरूपात मिळाल्या, त्या इंकस्केप या मुक्त चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. फ्लेक्सवाल्यांसाठी ते वापरतात त्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरची प्रत वेगळी दिली आहे.

दुरुस्त तेलुगू नाव फेब्रुवारीत आले. आता अशोक चौकाजवळच्या अभ्यासिकेच्या दारावर तेच लावले आहे, आणि ते लावताना शिडी त्या आजींच्या नातीने धरली होती.