स्पीड टेस्ट: कुठली करावी, कशी करावी आणि मग काय बदलावं

‘पैसे १०० एमबीपीएसचे भरतो आणि मोबाइलवर ३५च दिसतात’ ही घरच्या इंटरनेटच्या वेगाची तक्रार मुंबईत घरोघरी आहे. त्यावर लगेच मोठा प्लॅन घेऊ नका, केबलवालाही बदलू नका. आधी नीट मोजा.

वायफायवर मोजणं आणि वायरवर मोजणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. परळच्या चाळीत किंवा मुलुंडच्या टॉवरमध्ये मोबाइलची वायफाय यादी उघडून बघा, शेजाऱ्यापाजाऱ्यांची दहा-पंधरा नावं सहज दिसतील. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर ही सगळी मंडळी त्याच दोन-चार चॅनलांवर गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण स्लॅबची एखादी भिंत मध्ये आली की ढेपाळतो. म्हणून राउटरला लॅपटॉप थेट लॅन केबलने जोडा, बाकी सगळ्यांचं नेट थांबवा आणि मग टेस्ट लावा. १००च्या प्लॅनवर ९३-९५ आले तर लाइन चोख आहे. उरलेलं डेटाच्या वेष्टनात, म्हणजे प्रत्येक तुकड्यासोबत जाणाऱ्या पत्त्यासारख्या माहितीत, जातं. प्लॅन २००चा आणि आकडा ९५ला अडकलेला असेल, तर लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड (लॅपटॉप आणि राउटरमधल्या जोडणीचा वेग) बघा. तिथे १०००ऐवजी १०० दिसलं, तर दोष जुन्या पोर्टचा किंवा आतून तुटलेल्या केबलचा. हे तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत आणि वर्षभराचे जादा पैसे वाचू शकतात.

टेस्ट कुठली? ऊकलाची स्पीडटेस्ट जवळचा सर्व्हर निवडते आणि तो बरेचदा तुमच्याच कंपनीचा असतो. त्यामुळे ती घरापासून कंपनीपर्यंतची लाइन छान दाखवते, पुढचा रस्ता नाही. सर्व्हर बदलून पुन्हा लावा. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं. व्हिडिओ अडकत असेल तर हे जास्त उपयोगाचं. अपलोडचा आकडा त्यात ‘अधिक माहिती’ दाबल्यावर येतो. घरून काम करणाऱ्यांनी तो बघाच. ट्राय या दूरसंचार नियामकाचं मायस्पीड ॲप मोबाइल डेटासाठी ठीक, पण घरच्या लाइनसाठी मी पहिल्या दोघांवरच भिस्त ठेवेन.

फाइल उतरवताना सेकंदाला १२ एमबी दिसले तर घाबरू नका. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट आणि एमबी म्हणजे मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० एमबीपीएसला साडेबारा एमबी हेच बरोबर.

वायरवर पूर्ण आणि वायफायवर कमी असेल, तर खर्च राउटरवर करा किंवा तो टीव्हीमागून काढून घराच्या मध्यावर आणा. वायरवर सकाळी पूर्ण आणि रात्री नऊनंतर निम्मा असेल, तर ऑपरेटरची लाइन भरलेली आहे. मोठा प्लॅन घेऊनही तिथे फारसा फरक पडणार नाही, ऑपरेटरच बदला. महिन्याच्या शेवटीच वेग कोसळत असेल, तर एफयूपीची (पूर्ण वेगाने मिळणाऱ्या डेटाची) मर्यादा संपली का ते ॲपमध्ये बघा.

तक्रार करायची झाली तर वायरवरच्या निकालांचे वेळेसकट स्क्रीनशॉट पाठवा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) मागून घ्या. पुढे कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाताना तोच द्यावा लागतो.