जुना डीव्हीडी रेकॉर्डर ‘सर्व विभागांचा’ करून देण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

माझा हार्ड डिस्क असलेला जुना डीव्हीडी रेकॉर्डर जगातल्या कोणत्याही विभागाची डिस्क चालवू शकेल असा करून देतो, असे सांगून एका दुरुस्ती करणाऱ्याने माझ्याकडून टप्प्याटप्प्याने पैसे घेतले आणि शेवटी यंत्र पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत परत केले. त्याची युक्ती यंत्र परत घेताना, चालवून दाखवण्याच्या वेळी, ग्राहकाच्या समोरच पार पडते आणि तरीही ती लक्षात येत नाही, म्हणून हा प्रकार तपशिलाने लिहीत आहे. असे रेकॉर्डर आता नव्याने फारसे बनत नाहीत. ज्यांच्याकडे ते आहेत त्यांच्याकडे परदेशातून आलेल्या डिस्कही बहुधा असतात, आणि या धंद्याला गिऱ्हाईक तिथूनच मिळते.

डीव्हीडीच्या मानकात जगाचे क्रमांकवार विभाग पाडलेले आहेत. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा विभाग १ मध्ये, पश्चिम युरोप आणि जपान २ मध्ये, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि लॅटिन अमेरिका ४ मध्ये, भारत आणि रशिया ५ मध्ये, चीन ६ मध्ये, आणि विमाने-जहाजांसाठी ८ असा हा हिशेब आहे. डिस्कवर ती कोणत्या विभागांत चालावी याची खूण असते, यंत्रात त्याचा स्वतःचा विभाग नोंदवलेला असतो, आणि दोन्ही जुळले नाहीत तर डिस्क चालत नाही. साध्या प्लेअरमध्ये हा क्रमांक बहुधा मुख्य बोर्डाच्या स्मृतीत असतो. कित्येक प्लेअरमध्ये रिमोटवरची बटणे ठरावीक क्रमाने दाबली की एक लपलेला मेनू उघडतो, तिथे ० म्हणजे ‘सर्व विभाग’ टाकला की काम होते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

रेकॉर्डरची गोष्ट निराळी आहे, आणि फसवणाऱ्याला जागा मिळते ती याच निराळेपणात. रेकॉर्डरला डिस्कवर लिहिणारा ड्राइव्ह लागतो आणि अनेक रेकॉर्डरमध्ये तो संगणकातल्या ड्राइव्हच्याच जातीचा असतो. संगणकाच्या ड्राइव्हसाठी जानेवारी २००० पासून आरपीसी-२ नावाची पद्धत लागू झाली. तिच्यात विभाग खुद्द ड्राइव्हमध्ये नोंदवला जातो, वापरणाऱ्याला तो फक्त ५ वेळा बदलता येतो, आणि पाचव्या बदलानंतर जो विभाग असेल तो कायमचा बसतो. अशा रेकॉर्डरमध्ये बोर्डावर एक कुलूप आणि ड्राइव्हमध्ये दुसरे, अशी दोन कुलपे असतात, आणि बोर्डावरचे उघडले म्हणून ड्राइव्हमधले उघडत नाही. हे त्या माणसाला पुरते ठाऊक होते. मला तो फक्त ‘चिप’ या एका शब्दात उत्तरे देत राहिला.

पहिल्या वेळी त्याने यंत्र ठेवून घेतले, आत चिप बसवल्याचे सांगितले आणि मी न्यायला गेलो तेव्हा स्वतःकडची एक ‘परदेशी’ डिस्क घालून दाखवली. चित्र स्वच्छ आले, आवाज आला, मेनूतल्या सगळ्या पर्यायांवर जाता आले. त्या डिस्कवर छापील कागद चिकटवलेला होता आणि त्यावर विभाग १ ची खूणही होती. मात्र ती ट्रेमधून बाहेर आली तेव्हा तिची खालची बाजू जांभळट दिसली होती. बाजारात विकली जाणारी चित्रपटाची डिस्क साच्यातून छापून निघते आणि तिची खालची बाजू चांदीच्या रंगाची, दोन थरांची असल्यास किंचित सोनेरी असते. जांभळट रंग हा लिहिण्याजोग्या डिस्कमधल्या रंगद्रव्याचा असतो. अशा घरी लिहिलेल्या डिस्कवर सहसा विभागाची खूणच नसते. म्हणजे मला जे दाखवण्यात आले ते माझ्या यंत्राने चिप नसतानाही तसेच करून दाखवले असते. लबाडीच्या दृष्टीने ही पायरी अगदी निर्दोष आहे: जे दाखवले त्यात खोटे काहीच नव्हते, फक्त त्याचा माझ्या कामाशी संबंध नव्हता.

घरी माझी खरी विभाग १ ची डिस्क अर्थातच चालली नाही. यंत्र परत नेल्यावर त्याने जराही न गडबडता सांगितले की माझ्या यंत्राचा ड्राइव्ह ‘जास्त कडक’ आहे, त्यात वेगळे काम करावे लागेल आणि त्याचे पैसे वेगळे पडतील. या वेळी त्याने माझीच डिस्क मागून घेतली, तीच चालवून दाखवली, आणि ती खरोखर चालली. त्याने केले होते इतकेच की ड्राइव्ह काढून संगणकाला जोडला होता आणि त्याचा विभाग बदलून १ केला होता. हा विभाग बदलणे झाले, विभागमुक्त करणे नव्हे, आणि ५ पैकी एक संधी माझ्या नकळत खर्च झाली होती. परिणाम घरी दिसला: परदेशी डिस्क चालू लागली आणि माझ्याकडच्या नेहमीच्या डिस्क बंद पडल्या.

त्यानंतरचे सगळे या एकाच चक्राचे फेरे होते. नेहमीच्या डिस्क चालत नाहीत म्हणून गेलो की तो ‘चिपचे फर्मवेअर’, म्हणजे तिच्या आतली कायमची आज्ञावली, ‘नवे करायला हवे’ म्हणून पैसे घेई आणि विभाग परत पहिल्यासारखा करून देई. मग परदेशी डिस्क बंद पडत आणि पुन्हा काहीतरी नवे कारण निघे. एकदा तर कारण अर्धे खरे होते, आणि अर्धे खरे कारण पुऱ्या खोट्यापेक्षा पटकन गळी उतरते. विभाग १ च्या काही डिस्कवर २००० च्या सुमारास आरसीई नावाची जादा तपासणी घालण्यात आली. अशी डिस्क यंत्राच्या एका विशिष्ट नोंदीतून त्याचा विभाग विचारते, आणि बोर्डावर ० नोंदवलेला असेल तर जगाचा नकाशा आणि नकाराचा संदेश दाखवून थांबते. माझ्या एका डिस्कवर हेच झाले. त्याने स्वतःच आधी बोर्डावर टाकलेला ० काढून १ केला, म्हणजे मेनूतला एक आकडा बदलला, आणि त्याला ‘आरसीई चिप’ असे नाव देऊन निराळे बिल केले.

ज्या डिस्क चालल्या त्यांचे चित्र माझ्या जुन्या टीव्हीवर काळे-पांढरे दिसत होते आणि वरखाली घसरत होते. याचा विभागाशी काहीच संबंध नसतो. विभाग १ च्या डिस्क एनटीएससी या टीव्ही-चित्राच्या पद्धतीच्या, सेकंदाला सुमारे ३० चित्रांच्या आणि ४८० ओळींच्या असतात, तर पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे आणि ५७६ ओळी असतात. टीव्ही दोन्ही पद्धती घेणारा नसेल आणि यंत्र रूपांतर करत नसेल, तर सगळी कुलपे उघडूनही चित्र बिघडलेलेच राहते. त्यासाठीही त्याच्याकडे विकायला एक डबी होती. ती मी घेतली नाही, कारण तोवर माझा संशय पक्का होत आला होता.

सुरुवातीला त्याने आणखी एक आश्वासन दिले होते, की चिप बसली की चित्रपटाच्या डिस्क सरळ हार्ड डिस्कवर उतरवून घेता येतील. तेही होणारे नव्हते. नक्कल रोखणारी व्यवस्था ही विभागाच्या खुणेपेक्षा वेगळी असते, आणि विभाग कोणताही असला तरी संरक्षित डिस्कची नक्कल करायला रेकॉर्डर नकारच देतो. विभागाच्या कामाबरोबर नक्कल करण्याचे आश्वासन जो देतो, त्याला एक तर विषय कळत नाही किंवा तो मुद्दाम खोटे बोलतो. मला भेटलेला माणूस दुसऱ्या प्रकारातला होता.

खरा प्रकार उघडकीला आला तो दुसऱ्या एका तंत्रज्ञामुळे. त्याने झाकण उघडले तेव्हा ‘चिप’ म्हणून बसवलेली छोटी पट्टी बोर्डाच्या कडेला दुहेरी चिकटपट्टीने लावलेली सापडली. तिला एकही तार जोडलेली नव्हती आणि डाख दिल्याची खूण कुठेही नव्हती. मग त्याने ड्राइव्ह संगणकाला जोडून त्याची विभागाची नोंद वाचली. प्रत्येक रेकॉर्डरचा ड्राइव्ह असा वाचता येतोच असे नाही, माझा वाचता आला. पडद्यावर विभाग १ आणि शिल्लक बदल ० असे दिसले. माझ्या नेहमीच्या डिस्कना आता त्या यंत्रात प्रवेश नव्हता आणि तो परत मिळवून देणे त्या तंत्रज्ञाच्याही हातात नव्हते. या पद्धतीत उत्पादकाला शिल्लक बदलांचा आकडा मोजक्या वेळा पूर्ववत करता येतो, पण इतक्या जुन्या यंत्रासाठी ते करून देणारे कोणी मला मिळाले नाही. दुसरा ड्राइव्ह घालायचा तर तो नेमक्या त्याच प्रकारचा लागतो, कारण बोर्डाचे फर्मवेअर अनोळखी ड्राइव्ह बहुधा स्वीकारत नाही.

पैसे परत मागितले तेव्हा त्याने माझ्यापुढे माझीच पावती धरली. तिच्यावर ‘डीव्हीडी यंत्र दुरुस्ती’ एवढेच लिहिलेले होते. पहिल्याच दिवशी मी कामाचे वर्णन लिहून मागितले होते, तेव्हा असे काम बेकायदा असते, कागदावर आणले तर दोघेही अडचणीत येऊ, असे सांगून त्याने ते टाळले होते. कायदा देशागणिक बदलतो हे खरे आहे. पण स्वतःच्या मालकीच्या यंत्रावर विकत घेतलेली अस्सल डिस्क पाहण्याची सोय सगळीकडे निषिद्ध आहे, असे अजिबात नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अनेक विभागांच्या डिस्क चालवणारे प्लेअर दुकानांत राजरोस विकले जात आले आहेत. ती भीती कायद्याची नव्हती, पुरावा राहू नये म्हणून घातलेली होती.

ज्यांना आपला रेकॉर्डर अशा कामासाठी कुणाच्या हाती द्यायचाच असेल, त्यांनी आधी हार्ड डिस्कवरची जपण्यासारखी ध्वनिचित्रे डिस्कवर उतरवून ती डिस्क फायनलाइज, म्हणजे इतर यंत्रांवरही चालेल अशी पक्की, करून घ्यावी, कारण काही यंत्रे फर्मवेअर बदलताना किंवा मूळ स्थितीला आणताना हार्ड डिस्क नव्याने बांधतात, म्हणजे तिच्यावरचे सगळे जाते, आणि ती बाहेर काढून संगणकावर सरळ वाचता येत नाही. काम कुठे होणार आहे, बोर्डावर, ड्राइव्हमध्ये की दोन्हीकडे, आणि ड्राइव्हचे किती बदल शिल्लक आहेत, हे यंत्र देण्यापूर्वीच विचारावे. या प्रश्नाला ‘चिप’ एवढेच उत्तर आले तर यंत्र उचलून परत यावे. यंत्र घेताना दुकानदाराची डिस्क मुळीच न स्वीकारता स्वतःच्या छापील, चांदीच्या रंगाच्या, निदान दोन वेगवेगळ्या विभागांच्या डिस्क एकामागून एक चालवून पाहाव्यात, मग यंत्र वीजपुरवठ्यापासून तोडून पुन्हा जोडावे आणि पहिली डिस्क परत घालून पाहावी, कारण फक्त एका विभागाची डिस्क चालणे हे कशाचेच प्रमाण नाही. पावतीवर यंत्राचा मॉडेल क्रमांक, कोणकोणत्या विभागांच्या डिस्क चालवून दाखवल्या ते क्रमांक आणि ड्राइव्हच्या शिल्लक बदलांचा आकडा लिहून घ्यावा, आणि पैसे त्यानंतर द्यावेत.