घराचं वायरिंग ठरवताना: खडू, साधा नकाशा की फोटोसारखं रेंडर?

सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात आमच्या घराचा स्लॅब भरायला आठ दिवस राहिले होते. माझ्या मोबाइलमध्ये हॉल, किचन आणि दोन बेडरूमची चार देखणी चित्रं होती. डिझायनरनं संगणकावर बनवून पाठवलेली, फोटोच वाटावीत अशी. यांनाच रेंडर म्हणतात. वायरमन अण्णा आले, त्यांनी मोबाइल हातात घेतला, चित्र बोटांनी मोठं करून एकेक भिंत तपासली आणि म्हणाले, "फोटो लई भारी हाय की ओ. पण बोर्ड कुठं बसवायचा, ते कुठंच दिसंना."

खरंच दिसत नव्हतं. फ्रिज होता, त्याला प्लग नव्हता. टीव्ही होता, त्याच्या मागे-खाली एकही सॉकेट नव्हतं. पलंगाच्या दोन्ही बाजूंना लटकणारे दिवे होते, पण ते झोपल्याजागेवरून बंद कसे करायचे याचा पत्ता नव्हता. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून रेंडर करणारे बोर्ड आणि वायरी काढतच नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

त्या आठ रात्रींत मी स्वतः दोन-तीन सॉफ्टवेअर शिकलो. पुढे मेहुण्याच्या आणि मावसभावाच्या घरालाही तीच वापरली. आता ओळखीपाळखीतलं कुणाचं बांधकाम प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत) आलं की ते विचारतं, "नक्की काय करू? त्या थ्रीडीवर पैसे घालवू का?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी बांधकाम कुठवर आलंय ते बघा. फॅन बॉक्स आणि छताचे पाइप स्लॅब भरण्याआधी सळईवर बांधावे लागतात. काँक्रीट पडलं की पंख्याची जागा कायमची ठरली. भिंतीतल्या पाइपांना प्लास्टरपर्यंत मुदत असते, कटर मारून खाच पाडता येते. प्लास्टर आणि पुट्टी झाल्यावर मात्र प्रत्येक बदल म्हणजे तोडफोड, धूळ आणि घरात वाद. म्हणून स्लॅबआधी अर्धवट का होईना, नकाशा हातात असणं हे प्लास्टरनंतर आलेल्या अप्रतिम चित्रापेक्षा मोलाचं आहे.

खडूची बाजू

खडूला कमी लेखू नका. अण्णा दारात उभे राहतात, डोळे मिटून हात वर करतात आणि हात जिथं टेकेल तिथं खूण करतात. जमिनीपासून साधारण चार फूट. आमच्या आईची उंची कमी, म्हणून तिच्या खोलीतला बोर्ड त्यांनी चार बोटं खाली घेतला. हे कुठल्याही सॉफ्टवेअरला सुचलं नसतं.

पण कोऱ्या विटांच्या खोलीत कपाट नसतं, पलंग नसतो आणि दारही बसलेलं नसतं. दार कुठल्या बाजूला उघडणार हे न ठरवता खूण केली तर स्विच दाराच्या मागे जातो. मामांच्या घरी एक आख्खा बोर्ड वॉर्डरोबच्या मागे गेला. शेवटी सुतारानं प्लायवूडला चौकोनी भोक पाडलं, आणि आता साड्या बाजूला सारून एसी चालू करावा लागतो. शिवाय भिंतीला पाणी मारलं की खडू धुऊन जातो. दुसऱ्या दिवशी अण्णांच्या आठवणीवर सगळी भिस्त.

साधा नकाशा, साधं थ्रीडी

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो स्वीट होम थ्रीडीमध्ये, आणि तो सगळ्यात सत्कारणी लागला. ते फुकट आहे, ओपन सोर्स आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. आर्किटेक्टच्या नकाशाचा फोटो पार्श्वभूमीला टाकायचा, एका भिंतीची खरी लांबी सांगून माप जुळवायचं आणि वरून भिंती ओढत जायचं. खाली थ्रीडी आपोआप उभं राहतं.

वायरिंगच्या दृष्टीनं त्यातली खरी कामाची गोष्ट म्हणजे प्रत्येक वस्तूला जमिनीपासूनची उंची देता येते. आपल्याकडचा मॉड्युलर बोर्ड कॅटलॉगमध्ये शोधत बसू नका. मी एक साधा डबा घेतला, बोर्डाच्या मापाचा केला, त्याला नाव दिलं "हॉल १ – ६ स्विच, २ सॉकेट" आणि उंची टाकली. पलंगाशेजारचा बोर्ड सव्वादोन फुटांवर, एसीचा सात फुटांवर, ओट्यावरचे सॉकेट ओट्याच्या वर नऊ इंच. शेवटी वस्तूंची यादी कॉपी करून एक्सेलमध्ये चिकटवली की बोर्डांची मोजदाद हातात येते. वायरमनचा भाव पॉइंटवर (दिवा, पंखा, सॉकेट अशा प्रत्येक जोडणीवर) असतो, त्यामुळे ही यादी हिशेबालाही उपयोगी पडते.

पंख्याचं एक सांगायलाच हवं. नेहमीच्या पंख्याचा घेर ४८ इंच. नकाशात त्या जागी चार फूट व्यासाचं वर्तुळ काढा आणि फॉल्स सीलिंगचे डाउनलाइट (छतात बसवलेले, खाली उजेड टाकणारे दिवे) त्या वर्तुळाच्या बाहेर ठेवा. दिवा पात्यांच्या वर आला की पंखा फिरताना खोलीभर सावली लपलप करते, दहा मिनिटांत डोकं दुखायला लागतं. महागड्या रेंडरमध्ये हे कधीच दिसणार नाही, कारण चित्रातला पंखा थांबलेला असतो.

आणखी एक सोय म्हणजे होकायंत्र. उत्तर दिशा आणि सोलापूरचे अक्षांश-रेखांश टाकले (साधारण १७.७ उत्तर, ७५.९ पूर्व) की तारीख-वेळेनुसार ऊन कुठं पडतं ते दिसतं. एसीचं बाहेरचं युनिट उत्तरेच्या भिंतीवर लावलं की सावलीत राहील असं आम्ही धरून चाललो होतो. पण आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि नंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारीही किंचित उत्तरेकडेच असतो. त्या दिवसांत संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या भिंतीवरही येतं. आम्ही युनिट तिथंच ठेवलं, पण छज्जाखाली सरकवलं आणि त्याचा पॉइंटही सोबत हलवला.

उणिवा? त्याचे फोटो दिसायला खेळण्यातल्या घरासारखे. वरचा दर्जा निवडला तरच दिव्यांचा उजेड हिशेबात येतो, आणि मग जुना लॅपटॉप बराच वेळ घेतो. सर्किट, वायरीची जाडी, एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) यातलं त्याला काही कळत नाही.

फोटोसारखं रेंडर

दुसरी वाट स्केचअप या थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरची. ब्राउझरमधली फुकट आवृत्ती मॉडेल बनवायला पुरते, पण व्ही-रेसारखं रेंडर जोडायचं तर पैसे भरून घेतलेली, संगणकावर बसवायची आवृत्ती लागते. एन्स्केपसारखी झटपट रेंडर करणारी सॉफ्टवेअर चांगल्या ग्राफिक्स कार्डाशिवाय चालत नाहीत. शिकायला आठ दिवस पुरत नाहीत. म्हणजे बहुतेकांसाठी हे काम डिझायनरकडूनच करून घ्यायचं.

ते कुठं फळतं ते मी मेहुण्याच्या डुप्लेक्समध्ये पाहिलं. हॉलच्या फॉल्स सीलिंगला कोव्ह लाइट (कडेच्या खाचेत लपवलेली एलईडी पट्टी) होता, खालून बघताना फक्त छतावरचा मऊ उजेड दिसायचा. मी डिझायनरला म्हटलं, कॅमेरा जिन्याच्या नवव्या पायरीवर ठेवून एक चित्र काढा. चित्र आलं तर त्यात एलईडीची आख्खी पट्टी उघडी पडलेली, आणि तिचं प्रतिबिंब चकचकीत व्हिट्रिफाइड फरशीवर ठिपक्या-ठिपक्यांनी. कोव्हची कड दोन इंच वाढवली, विषय संपला. पीओपी झाल्यावर हे लक्षात आलं असतं तर? म्हणून फॉल्स सीलिंग, प्रोफाइल लाइट, भिंतीवर वरून खाली उजेड सोडणारे दिवे असा बेत असेल तर रेंडरचे पैसे द्या. पण चित्रं सोफ्यासमोरून नकोत. जिन्यावरून, पलंगावर झोपल्यावर वर बघताना, देवघरासमोर बसून, अशी मागा.

आणि फसवणूक कुठं होते? उजेडाच्या प्रमाणात. रेंडरमधला कॅमेरा मोबाइलच्या कॅमेऱ्यासारखाच स्वतःला जुळवून घेतो. खोलीत तीन दिवे असोत की सहा, चित्र सारखंच उजळ येतं. नुसतं चित्र पाहून "उजेड भरपूर आहे" म्हणणं म्हणजे लग्नाच्या अल्बमवरून जेवणाची चव सांगणं.

होमस्टायलर, प्लॅनर फाइव्ह-डी अशी ब्राउझरमधली सॉफ्टवेअर या दोहोंच्या मधली. तासाभरात बऱ्यापैकी चित्र मिळतं, घरच्यांना रंग आणि फर्निचर दाखवायला झकास. वायरमनला द्यायचा मापाचा कागद काढायला मात्र मी तिकडे गेलो नाही.

उजेड मोजायचा तर

त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर आहे, जर्मनीचं डायलक्स. तेही फुकट. दिव्याच्या कंपनीनं दिलेली फाइल टाकली की ओट्यावर किती लक्स (जागेवर पडणारा उजेड मोजायचं एकक) पडतात ते आकड्यात सांगतं. अडचण इतकीच की सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात मिळणाऱ्या प्रत्येक दिव्याची फाइल मिळत नाही.

घरासाठी बहुतेकदा कागदावरचा हिशेबही चालतो. आमचं किचन आठ बाय दहा, म्हणजे साधारण ७.४ चौरस मीटर. २० वॅटची एक एलईडी पट्टी, वॅटला १०० ल्युमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड) धरले तर २००० ल्युमेन. त्यातला निम्मा उजेड कामाच्या पातळीला पोचतो असं मानून क्षेत्रफळानं भागलं तर १३५ लक्स. ओट्यावर ३०० च्या आसपास हवेत. शिवाय पट्टी आपल्या पाठीमागच्या भिंतीवर, म्हणजे भाजी चिरताना आपलीच सावली विळीवर. उपाय स्वस्त होता: वरच्या कपाटाखाली एक पट्टी आणि तिचा स्विच ओट्याजवळ. पण तिची वायर प्लास्टरआधी काढून ठेवावी लागते.

सोलापूरचं घर कॅटलॉगात नाही

परदेशी सॉफ्टवेअरच्या घरात हौद नसतो. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे हौद, मोटार आणि गच्चीवरची टाकी हे घराचं हृदयच. मोटारीचा स्विच किचनमध्ये हवा, आणि टाकी भरल्यावर मोटार आपोआप बंद व्हायची असेल तर गच्चीपासून त्या स्विचपर्यंत एक रिकामा पाइप स्लॅबमधूनच सोडावा लागतो. पुढे सोलर बसवायचा विचार असेल तर गच्चीपासून मीटरपर्यंत आणखी एक. कूलरसाठी खिडकीजवळ सॉकेट, उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्यांसाठी तिथं एक पंख्याचा पॉइंट, इन्व्हर्टरवर कुठले दिवे-पंखे घ्यायचे त्याची वेगळी लाइन. हे सगळं तुम्हालाच आठवून नकाशात टाकायचंय.

लोडचंही तसंच. दोन दीड टनी एसी मिळून ३.२ किलोवॅट, गीझर २, इंडक्शन २, एक एचपीची मोटार पाऊण. एकत्र चालले तर जवळजवळ ८ किलोवॅट, २३० व्होल्टला ३४-३५ अँपिअर. फ्रिज आणि मिक्सर अजून बाहेरच आहेत. हा आकडा ना स्केचअप सांगतं, ना रेंडर. एक्सेलचं एक पान लागतं आणि परवानाधारक ठेकेदार लागतो. महावितरणकडे टेस्ट रिपोर्ट त्याचाच द्यायचा असतो. दिव्यांना दीड, पॉवर सॉकेटला अडीच, एसी-गीझरला चार चौरस मिलिमीटर वायर असा सर्वसाधारण रिवाज आहे, पण लांबी आणि लोड बघून शेवटचा शब्द त्याचा. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) मात्र "नको, सारखी पडते" असं कुणी म्हटलं तरी सोडू नका. ती सारखी पडत असेल तर बहुधा कुठंतरी करंट गळतोय.

मग घ्यायचं काय

स्लॅब व्हायचाय आणि साधं छत ठेवणार असाल तर स्वीट होम थ्रीडी आणि खडू, एवढंच. रेंडरचे पैसे चांगल्या वायरीत आणि जास्तीच्या टू-वे स्विचांत (एकच दिवा दोन ठिकाणांहून चालू-बंद करणाऱ्या) घाला. फॉल्स सीलिंग नक्की असेल तर हॉल आणि मोठ्या बेडरूमपुरतं रेंडर घ्या, सगळ्या घराचं नको. आणि ठरवतानाच डिझायनरला सांगा की चित्रांसोबत उंचीसकट बोर्डांचा नकाशा हवा. तो द्यायला तयार नसेल तर चित्रंही घेऊ नका. जुना फ्लॅट दुरुस्त करताय तर आहेत ते बोर्ड मोजून आधी मॉडेलमध्ये टाका, मग फर्निचर सरकवा. भिंत फोडण्यापेक्षा पलंग फिरवणं स्वस्त पडतं. नुसते दिवे बदलायचे असतील तर यातलं काहीच नको, दुकानातून एक वॉर्म आणि एक पांढरा बल्ब आणून संध्याकाळी लावून बघा.

आमच्या घराचा नकाशा मी मोठ्या कागदावर छापला आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून अण्णांना दिला. त्यांनी तो जिन्याखालच्या भिंतीला खिळ्यानं ठोकला. संध्याकाळी जाऊन बघतो तर तीन ठिकाणी खडूनं फुल्या: गीझरचा बोर्ड बीममुळे सहा इंच खाली, देवघराचा दिवा डावीकडे, आणि जिन्याच्या टू-वे स्विचजवळ प्रश्नचिन्ह. पहिले दोन मी रात्री फाइलमध्ये दुरुस्त केले. तिसऱ्याचं विचारलं तर अण्णा म्हणाले, "वरचा स्विच दाराच्या आत दाखवलाय की ओ. रात्री खाली उतरताना दार उघडून हात आत घालणार का?"