गावाची यादी की आईची वही?

मेळघाटात पहिलटकरणींच्या गृहभेटींचा मेळ घालायचं काम अंगावर आलं की आधी एक ठरवावं लागतं: यादी गावानुसार ठेवायची की आईनुसार? मी दोन्ही करून पाहिलंय.

गावाच्या यादीत डोक्याला ताप कमी. गावची आशा (आरोग्य स्वयंसेविका) ठरलेली, रजिस्टर तयार. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी भेट, घरी झालं तर पहिल्या दिवशीचीही. आशा कोरकूत बोलते, घरातल्या म्हाताऱ्या तिला ओळखतात. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने नवजात बाळांची घरच्या घरी काळजी रुजवली, तीही गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बाईच्या जिवावर. तेव्हा या यादीला कमी लेखू नका. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायांसाठी ती पुरते.

पहिलटकरीण मात्र एका जागी राहत नाही. बाळंतपणाला माहेरी, मग सासरी, पुढे दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर कामाला बाहेर, ती थेट होळीला परत. मला वैताग आणला तो 'शेरा' नावाच्या रकान्याने. माहेरच्या रजिस्टरात सातव्या दिवसाची भेट, वजन, ताप सगळं नीट. पुढे शेरा, 'सासरी गेली'. सासरच्या रजिस्टरात त्याच बाईपुढे शेरा, 'माहेरी आहे'. दोन्ही आशा आपापल्या जागी बरोबर, आणि चौदाव्या दिवशी बाळाकडे कुणीच फिरकलेलं नाही. बाळ कमी वजनाचं असलं तर हेच दिवस नाजूक. भेटींचे आशाला मिळणारे २५० रुपये दोघींत विभागून देता येतात म्हणा, पण त्यासाठीही आधी दोघींचा एकमेकींना फोन लागायला हवा.

आईच्या वहीत एका आईला एक पान: दोन्ही गावं, दोन्ही आशांचे नंबर, घरात ज्याच्याकडे फोन असेल त्याचा नंबर, पुढच्या भेटीची तारीख. कटकट आहेच. वही रोज चाळावी लागते, रेंज नसलेल्या गावांना आठवडी बाजारात निरोप धाडावा लागतो, आणि वरून मागतात तो तक्ता हाताने काढावा लागतो. समन्वयक बदलला की नवा माणूस काही दिवस चाचपडतो.

तुमच्याकडच्या बाया फारशा हलत नसतील तर गावाची यादी खुशाल ठेवा. मला विचाराल तर मी वहीच घेईन, आणि पानावर माहेरचं गाव आधी लिहीन.