पंधरा पिनांची जुनी जॉयस्टिक, बारा जादा बटणे आणि तीन हिरवे दिवे : आठ महिन्यांच्या वापरानंतर

थोरल्या भावाने 1998 साली घेतलेली जॉयस्टिक गेल्या वर्षी माळ्यावरून खाली काढली, तेव्हा तिची स्प्रिंग अजून घट्ट होती आणि दांडा सोडताच बरोबर मध्यावर परत येत होता. अडचण फक्त जोडणीची होती. ती गेमपोर्टची, म्हणजे पंधरा पिनांची; आजच्या संगणकाला ते पोर्ट नसते आणि विंडोजनेही व्हिस्टा आवृत्तीपासून त्याला थारा दिलेला नाही. म्हणून तिच्या तळात अॅटमेगा32यू4 चिपचा प्रो मायक्रो हा यूएसबीचा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड बसवला, शेजारी प्लास्टिकच्या डबीत बारा बटणे घेतली आणि दर्शनी बाजूला विमानाच्या चाकांची स्थिती दाखवणारे चार दिवे (तीन हिरवे, एक तांबडा) लावले. गेले आठ महिने मी तिच्यावर फ्लाइटगिअर हे विमानउड्डाणाचे सिम्युलेटर आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी चालवतो आहे.

मूळ पॉट (दांड्यासोबत फिरणारे बदलते रोधक) बदलायचे नाहीत असे मी आधीच ठरवले होते. जुन्या जॉयस्टिकमध्ये 100 किलोओहमच्या पॉटची दोनच टोके जोडलेली असतात, कारण गेमपोर्ट व्होल्टेज मोजत नसे. पॉटमधून एक छोटा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) भरायला किती वेळ लागतो, त्यावरून तो दांड्याची जागा ओळखत असे. नवा बोर्ड मात्र व्होल्टेज मोजतो, त्यामुळे मोकळे राहिलेले तिसरे टोक ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेला, जोडावे लागते. बोर्डाचे माप 0 ते 1023 असे असले, तरी दांडा पॉटला पूर्ण फिरवत नसल्याने मला आडव्या अक्षावर जेमतेम 300 अंक मिळाले. तेवढे उड्डाणाला पुरतात, पण त्यामुळे प्रत्येक लहान चूक तिप्पट मोठी होऊन दिसते, आणि हे मला पुढे चांगलेच जाणवले.

चाके उतरवून हिरवे दिवे लागले की विमानाचे नाक किंचित खाली जायचे. पहिले दोन आठवडे मी सिम्युलेटरमधील वाऱ्यालाच कारण समजत होतो. मग दिवे काढून पाहिले आणि दोष माझ्याच जोडणीत सापडला: दिव्यांची आणि पॉटची ग्राउंडची तार मी एकच घेतली होती आणि तिचा एक डाग (सोल्डरचा जोड) कच्चा राहिला होता. तीन दिव्यांचा मिळून साधारण 30 मिलिअँपियर प्रवाह त्या तारेतून परत जात होता. जोडात अर्धा ओहम रोध धरला तरी 15 मिलिव्होल्टचा फरक पडतो, म्हणजे बोर्डाच्या मापात तीन अंक, आणि 300 अंकांच्या पल्ल्यात तीन अंक म्हणजे एक टक्का. दिव्यांसाठी बोर्डापासून स्वतंत्र तार ओढली, पॉटच्या पिनांना 0.1 मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावले, आणि त्यानंतर नाक एकदाही हलले नाही. जुन्या जॉयस्टिकला दिवे लावणाऱ्या प्रत्येकाला मी हीच गोष्ट सर्वांत आधी सांगेन.

दिवे शोभेसाठी असते तर एव्हाना काढून टाकले असते. फ्लाइटगिअर आपली माहिती सीरियल पोर्टवर (बोर्डाशी माहितीची देवाणघेवाण करण्याच्या वाटेवर) पाठवू शकतो आणि हा बोर्ड संगणकाला एकाच वेळी जॉयस्टिक आणि सीरियल पोर्ट अशा दोन्ही रूपांत दिसतो, त्यामुळे चाके खाली येऊन जागी पक्की बसली की तीन हिरवे दिवे लागतात आणि ती वर-खाली होत असताना तांबडा दिवा. मात्र सुरुवातीला मिळणाऱ्या सेसना 172 ची चाके स्थिरच असतात, म्हणून हा भाग खरा उपयोगी पडतो तो दोन इंजिनांच्या पायपर सेनेकावर. मुंबईच्या 27 क्रमांकाच्या धावपट्टीकडे येताना पडद्यावरचा छोटा निर्देशक शोधावा लागत नाही. कडेला दिसणारा हिरवा उजेड पुरतो.

बारा बटणे सात पिनांवर तीन ओळी आणि चार स्तंभांच्या जाळीने जोडली आहेत. तीन अक्ष, मूळची चार बटणे, ही जाळी आणि चार दिवे मिळून बोर्डाच्या अठराही पिना भरल्या. प्रत्येक बटणाला 1एन4148 डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावणे टाळू नये. त्याशिवाय तीन बटणे एकत्र दाबली की न दाबलेले चौथेही उमटते. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत घेतलेल्या स्वस्त बटणांपैकी दोन चौथ्या महिन्यात एका दाबाला दोनदा उमटू लागली आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) एकाऐवजी दोन टप्पे उतरू लागले. प्रोग्रॅममधील एका दाबानंतरचा थांबा 5 वरून 20 मिलिसेकंद केल्यावर तक्रार गेली. चाकांसाठी लावलेला खटका हाताला फार समाधान देतो, पण उड्डाण सुरू करताना तो विमानाच्या स्थितीशी जुळतो की नाही, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते.

थ्रॉटलचा (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या अक्षाचा) पॉट आता खरखरू लागला आहे. काँटॅक्ट क्लीनरने सहा आठवडे बरे गेले, नंतर अंक पुन्हा उड्या मारू लागले; कार्बनची पट्टीच झिजली आहे. तेथे आता चुंबक आणि त्याची जागा न घासता ओळखणारा हॉल सेन्सर बसवणार आहे. दांड्याचे दोन्ही पॉट मात्र अजून स्वच्छ चालतात, त्यामुळे त्यांना हात लावणार नाही.